उजेडावर चालणारा रहाट

ठाण्याहून मुंबईकडे निघाले की मुलुंड-भांडुपच्या पूर्वेस मिठागरे लागतात. भाईंदरकडे गेले तरी तोच देखावा. भरतीचे पाणी अडवावे, उन्हाने आटवावे आणि पावसापूर्वी मीठ गोळा करावे, हा आपल्याकडील आगरी समाजाचा पिढीजात धंदा. असे पाणी आटून फार दाट झाले म्हणजे पुष्कळदा त्यावर गुलाबी-तांबूस छटा चढते. हा मातीचा रंग नव्हे. ते जिवंत सूक्ष्मजीव होत. जून २०२० मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासून कारण सांगितले तेही हेच: पाणी आटले, खारटपणा वाढला आणि मीठप्रिय सूक्ष्मजीव बळावले.

आता प्रश्न असा की, ज्या मिठामुळे आपले लोणचे वर्षभर नासत नाही, त्याच मिठात हे जीव जगतात कसे? दाट खाऱ्या पाण्यात प्राणवायू फार थोडा विरघळतो. अन्न जाळून शक्ती मिळविण्याचा मार्ग तेथे अडतो. मग ह्यांपैकी काही जीव थेट सूर्याकडेच हात पसरतात.

हॅलोबॅक्टेरियम नावाच्या अशा जीवाच्या अंगावरील पटलात जांभळे ठिगळ असते. १९७१ साली ओस्टरहेल्ट आणि स्टोकेनियस ह्या शास्त्रज्ञांनी दाखविले की, त्या ठिगळातील प्रथिनात रेटिनल हा पदार्थ आहे. हा पदार्थ आपल्या परिचयाचा आहे. तो 'अ' जीवनसत्त्वापासून होतो, आपल्या डोळ्यातही तोच उजेड टिपतो, आणि तो कमी पडला की रातांधळेपणा येतो. गाजर-पपई खा म्हणून वडीलधारे सांगतात ते ह्याचसाठी.

ह्या प्रथिनाची साखळी पटलातून सात वेळा आरपार जाते व रेटिनल मध्ये बसलेले असते. प्रकाशाचा कण पडला की रेटिनल वाकते, आणि हायड्रोजनचा एक विद्युत्भारित कण पेशीबाहेर टाकला जातो. मग सारे पूर्ववत होते. ह्या फेऱ्यास सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग लागतो. हा रहाटच म्हणा; फक्त बैलाच्या जागी ऊन! बाहेर साठलेले कण गच्चीवरील टाकीतल्या पाण्याप्रमाणे परत आत यावयास पाहतात आणि येताना पेशीचे इंधन तयार करणारे चाक फिरवितात.

हे केवळ अनुमान नव्हे. १९७४ साली रॅकर आणि स्टोकेनियस ह्यांनी स्निग्ध पदार्थाच्या सूक्ष्म पिशव्या केल्या, त्यांत हे जांभळे प्रथिन आणि गुराच्या हृदयातून काढलेले ते 'चाक' बसविले, आणि उजेड पाडला. इंधन तयार झाले! पीटर मिचेल ह्यांच्या सिद्धांतास ह्यामुळे मोठा आधार मिळाला. १९७८ साली त्यांना नोबेल पारितोषिक लाभले.

ह्याच कुळातील दुसरा रहाट क्लोराइडचे कण आत ओढतो. इजिप्तमधील खाऱ्या सरोवरातील जीवाचा असा रहाट २००७ साली मज्जापेशीत बसविला, तेव्हा पिवळ्या उजेडात ती पेशी गप्प झाली. त्याआधी, २००५ साली, एका हिरव्या शेवाळाचे प्रथिन बसवून निळ्या उजेडाने मज्जापेशी जागी करता आली होती. शेवाळाचे ते प्रथिन मात्र रहाट नव्हे, कालव्याचे दार होय. उजेडाने ते उघडते आणि कण आपोआप वाहतात. अशा रीतीने मेंदूतील कोणती पेशी काय काम करते, हे एकेक दिवा लावून-विझवून पाहण्याची सोय झाली.

२०२१ साली ह्याचा एक मानवी उपयोग प्रसिद्ध झाला. फ्रान्समधील एका अंध गृहस्थाच्या डोळ्यातील पेशींत शेवाळाच्या प्रथिनापासून तयार केलेले प्रथिन उत्पन्न केले गेले. खास चष्मा लावल्यावर ते टेबलावरील वही शोधून तिला हात लावू लागले, पेले मोजू लागले. वाचता येणे किंवा चेहरे ओळखणे ह्यापासून हे फार दूर आहे, आणि ह्या एका उदाहरणावरून अंधत्वावर औषध सापडले असे कोणी समजू नये.

तरी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १९७१ साली त्या जांभळ्या ठिगळाचा अभ्यास कोणी अंधांसाठी केला नव्हता. ते जांभळे का, एवढेच विचारले होते. 'ह्याचा उपयोग काय?' असा प्रश्न संशोधकास पहिल्याच दिवशी करून त्याचा पैसा रोखणाऱ्यांनी ह्या खाऱ्या पाण्याची हकीकत अवश्य ऐकावी.