सूक्ष्मजीवांचा श्वास मोजताना

सांडपाण्याच्या शुद्धीकरणाविषयी आपल्याकडे एक सार्वत्रिक समजूत आहे. गाळण्या, तुरटी आणि क्लोरीन यांच्या साहाय्याने घाण पाणी स्वच्छ केले जाते, असे पुष्कळांना वाटते. रसायनशास्त्राच्या वर्गात मी हा प्रश्न विचारतो तेव्हा बहुतेक विद्यार्थी पहिले नाव क्लोरीनचेच घेतात. वास्तविक शहरातील मैलापाणी शुद्ध करण्याचे मुख्य काम डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्मजीव करतात. पाण्यात विरघळलेली सेंद्रिय घाण हे त्यांचे अन्न. त्यातील काही भाग जाळून ते शक्ती मिळवतात आणि उरलेल्या भागातून नव्या पेशी घडवतात. अन्न जाळायचे म्हणजे प्राणवायू हवा. तेव्हा या जीवांनी प्राणवायू किती घेतला आणि तो किती वेगाने घेतला, हे कळले की पाण्यात घाण किती होती आणि ती खाणारे जीव कोणत्या अवस्थेत आहेत, हेही कळते. ही मोजणी कशी करतात आणि तिचा अर्थ लावताना कोठे फसगत होते, ते या लेखात सांगण्याचा विचार आहे.

प्रथम पाण्यातील प्राणवायूचा साठा किती तुटपुंजा असतो ते पाहू. एक लिटर हवेत सुमारे २८० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. एक लिटर स्वच्छ पाण्यात मात्र, २० अंश सेल्सिअस तापमानाला आणि समुद्रसपाटीवर, जास्तीत जास्त ९.१ मिलिग्रॅम विरघळतो. पाणी ३० अंशांवर गेले की हा आकडा साडेसातच्या आसपास येतो. आपले बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंच. हवेचा दाब कमी असल्याने त्याच तापमानाला पणजीच्या पाण्यात जेवढा प्राणवायू मावेल त्यापेक्षा आपल्या पाण्यात जवळजवळ आठ टक्के कमीच मावतो. एवढ्याशा शिदोरीवर मासे आणि इतर जलचर जगत असतात. मैलापाणी तसेच नदीत सोडले की सूक्ष्मजीवांना मेजवानी मिळते, त्यांची संख्या भराभर वाढते आणि ते पाण्यातील प्राणवायू संपवून टाकतात. मासे मरतात ते पुष्कळदा विषाने नव्हे, तर गुदमरून. शुद्धीकरण केंद्राचा हेतू इतकाच, की ही मेजवानी नदीत होण्याऐवजी आपल्या टाकीत, आपण पुरवलेल्या हवेवर उरकून घ्यावी.

म्हणूनच घाणीचे मोजमाप प्राणवायूच्या भाषेत करण्याची प्रथा पडली. साखर किती, साबण किती, पिष्ट किती, असे वेगवेगळे मोजत बसण्यापेक्षा हे सारे खाताना जीवाणूंना किती प्राणवायू लागला, तेवढेच मोजावे. या राशीला जीवरासायनिक प्राणवायू-मागणी म्हणतात. व्यवहारात सर्वजण बी. ओ. डी. म्हणतात. इंग्लंडात १८९८ साली मैलापाण्याच्या विल्हेवाटीसाठी एक शाही आयोग नेमण्यात आला. त्याच्या १९१२ च्या आठव्या अहवालाने पाच दिवसांच्या चाचणीला आणि दर लिटरला २० मिलिग्रॅम या मर्यादेला प्रतिष्ठा मिळवून दिली. पाचच दिवस का? तिकडच्या नद्यांचे पाणी तेवढ्या अवधीत समुद्राला मिळते, असे त्याचे कारण सांगितले जाते. आपल्या खानापूर तालुक्यात उगम पावणारी मलप्रभा कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराकडे जाते. तिला हा हिशेब लागू पडणार नाही, हे उघड आहे. भारतीय मानकाने १९९३ साली आपल्या हवामानाला साजेशी तीन दिवसांची, २७ अंश सेल्सिअसची चाचणी स्वीकारली.

चाचणी साधी आहे. मैलापाण्याची मागणी पाण्यातील साठ्याच्या कितीतरी पट असते, म्हणून ते आधी पातळ करावे लागते. ३०० मिलिलिटरच्या बाटलीत ६ मिलिलिटर मैलापाणी घेऊन ती हवा खेळवलेल्या पाण्याने काठोकाठ भरली, म्हणजे पन्नास पट विरलन झाले. समजा, पहिल्या दिवशी बाटलीत दर लिटरला ७.२ मिलिग्रॅम प्राणवायू होता आणि अंधारात तीन दिवस ठेवल्यावर २.७ उरला. घट ४.५, तिला पन्नासाने गुणले की मागणी २२५ मिलिग्रॅम. भरण्याच्या पाण्याने स्वतः घेतलेला प्राणवायू वेगळ्या बाटलीत मोजून वजा करतात, तो येथे हिशेबात धरलेला नाही. प्राणवायू मोजण्यासाठी आजही विंक्लरची पद्धत विश्वसनीय समजली जाते. लायोश विंक्लर या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाने ती १८८८ साली प्रसिद्ध केली. मँगनीजचा क्षार आणि अल्कधर्मी आयोडाइड घातले की प्राणवायू तपकिरी साक्याच्या रूपाने पकडला जातो. आम्ल घातल्यावर त्याच प्रमाणात आयोडीन मोकळे होते आणि पिष्टाचा निळा रंग जाईपर्यंत थायोसल्फेटने त्याचे अनुमापन करता येते. आपल्या पदवी वर्गाच्या प्रयोगशाळेत यातील प्रत्येक बाटली उपलब्ध आहे.

या चाचणीची अडचण मात्र तिच्या नावातच आहे. उत्तर तीन दिवसांनी मिळते. शुद्धीकरण केंद्राच्या वायुमिश्रण टाकीत पाणी साधारण चार ते आठ तास राहते. म्हणजे आज आलेल्या पाण्याचा आकडा हाती पडेपर्यंत ते पाणी नदीत जाऊन कित्येक कोस पुढे गेलेले असते. आरोग्य खात्याला अहवाल पाठवण्यास ही चाचणी उत्तम, पण टाकी चालवणाऱ्याला ती श्राद्धानंतर आलेल्या वैद्यासारखी वाटते.

टाकी चालवणाऱ्याला काय हवे ते समजण्यासाठी टाकीत काय चालते ते पाहिले पाहिजे. मँचेस्टर येथे एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी मैलापाण्यातून हवा सोडण्याचे प्रयोग केले आणि १९१४ साली आपले निष्कर्ष मांडले. हवा देऊन झाल्यावर खाली बसणारा गाळ फेकून न देता त्यांनी तो राखून ठेवला आणि त्यावर नवे मैलापाणी ओतले. पहिल्या खेपेला ज्या कामाला आठवडे लागले होते, ते गाळ साठत गेल्यावर काही तासांत होऊ लागले. आपल्या घरोघरी दह्याचे विरजण राखून ठेवतात, त्यातलाच हा प्रकार. या गाळाला त्यांनी सक्रिय गाळ म्हटले. या कामाची दिशा दाखवणारे गिल्बर्ट फाउलर पुढे १९१६ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले, ही आपल्या भागाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे.

हा गाळ म्हणजे अब्जावधी जीवांची वसाहत. ती या क्षणी कशी श्वास घेते, हे पाच-दहा मिनिटांत मोजता येते. टाकीतील पाणी गाळासकट एका बाटलीत घ्यायचे, जोराने हलवून त्यात हवा मिसळायची, मग प्राणवायूमापकाची कांडी बुडवून बाटली अशी बंद करायची की आत हवेचा बुडबुडा राहू नये. गाळ खाली बसू नये म्हणून चुंबकीय ढवळणी चालू ठेवायची आणि दर मिनिटाला आकडा लिहायचा. अशी कांडी लेलँड क्लार्क या अमेरिकन शास्त्रज्ञाने बनवली आणि १९५६ साली तिची माहिती प्रसिद्ध केली. तिच्यात पातळ पडद्याआड दोन विद्युत्-अग्रे असतात. पडद्यातून जेवढा प्राणवायू आत शिरेल तेवढा विद्युत्प्रवाह वाहतो. अलीकडे प्रकाशावर चालणाऱ्या कांड्याही सर्रास वापरतात. त्यांतील रंजकाची चमक प्राणवायूमुळे मंदावते.

समजा, आकडे असे आले: ६.२, ५.६, ५.०, ४.४, ३.८, ३.२. पाच मिनिटांत ३.० ची घट, म्हणजे मिनिटाला ०.६ आणि तासाला दर लिटरमागे ३६ मिलिग्रॅम. हा झाला प्राणवायू-ग्रहणाचा वेग. आलेख सरळ रेषेत उतरत असेल तोवरच तो खरा मानावा. प्राणवायू दर लिटरला एक-दोन मिलिग्रॅमच्या खाली गेला की जीवांनाच तो पुरेनासा होतो आणि रेषा वाकू लागते. नमुना आणल्यावर चाचणी लगेच करावी. चहा घेऊन येईपर्यंत बाटलीतील मंडळींनी बरेचसे अन्न संपवलेले असते.

परंतु नुसत्या वेगावरून काही ठरत नाही. लग्नाच्या पंगतीत भाताची दहा पातेली संपली, एवढे ऐकून पाहुणे भुकेले होते की पाहुणेच फार होते, हे सांगता येईल काय? त्यासाठी पाने किती मांडली होती ते कळले पाहिजे. तसेच येथे गाळातील सेंद्रिय पदार्थाच्या वजनाने भागतात. वरील उदाहरणात दर लिटरला २.४ ग्रॅम असा गाळ असेल, तर ३६ भागिले २.४, म्हणजे दर ग्रॅमला तासाला १५ मिलिग्रॅम. याला विशिष्ट वेग म्हणतात. सर्वसाधारणपणे १२ ते २० च्या दरम्यानचा आकडा प्रकृती ठीक असल्याचे दाखवतो. २० च्या बराच वर गेला तर जीवांपुढे झेपणार नाही इतके अन्न आले आहे, असे समजावे.

आणि तो खूप कमी आला तर? येथेच फसगत होते. श्वास मंदावण्याची कारणे दोन. अन्न संपले म्हणून जीव संथ झाले असतील. ही उत्तम अवस्था, पाणी शुद्ध झाल्याची खूण. किंवा पाण्यातून काही विषारी द्रव्य आले आणि जीव मरणपंथाला लागले असतील. ही सर्वांत वाईट अवस्था. दोन्ही वेळा आकडा एकच दिसतो. इतकेच नव्हे, खाणारे गप्प बसल्यामुळे टाकीतील विरघळलेला प्राणवायू दोन्ही वेळा वाढलेला असतो.

काही वर्षांपूर्वी मी विद्यार्थ्यांना घेऊन एका शुद्धीकरण केंद्रावर गेलो होतो. टाकीवरच्या मापकावर प्राणवायू सहाच्या जवळ होता. पुस्तकात दोन पुरेसा असे वाचलेले असल्याने मुले खूश झाली. तेथील जुने चालक मात्र पाण्याकडे पाहत म्हणाले, "सर, आज ही मंडळी जेवत नाहीत." आम्ही बाटली भरून चाचणी घेतली, आकडा जवळजवळ जागचा हलेना. मग त्यांच्या सांगण्यावरून दुसऱ्या बाटलीत थोडे सोडियम ॲसिटेटचे द्रावण घातले. भुकेल्या गाळाला असे सहज पचणारे अन्न मिळाले की वेग क्षणात वाढतो. त्या दिवशी तो वाढला नाही. गाळ भुकेला नव्हता, आजारी होता. आकड्याचा अर्थ विचारायचा तर जीवांना असे एक घास देऊन पाहावे लागते, हे त्या दिवशी मुलांना माझ्या दहा व्याख्यानांपेक्षा चांगले समजले.

अशा वेळी उशीर महाग पडतो. धातूंवर मुलामा देणाऱ्या कारखान्यांच्या पाण्यातील क्रोमियम, सायनाइड यांसारखी द्रव्ये गाळाला मारक ठरतात. वेळीच कळले तर ते पाणी दुसऱ्या टाकीत अडवता येते. नाही कळले तर नवा गाळ तयार होण्यात दिवस जातात. अमोनियाचे नायट्रेट करणारे जीवाणू तर फारच सावकाश वाढतात. त्यांना आठवडे लागतात. तेवढा काळ मैलापाणी जवळजवळ जसेच्या तसे खालच्या गावांच्या वाट्याला जाते. एखादे रसायन गाळाचा श्वास किती दडपते हे ठरवण्याची चाचणी आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने १९८४ साली प्रमाणित केली, ती याच तत्त्वावर.

दुसरा प्रश्न विजेचा. सक्रिय गाळाच्या केंद्रात साधारण निम्मी किंवा त्याहून अधिक वीज केवळ हवा फुंकण्यात खर्च होते. गाळाला लागेल तेवढीच हवा द्यायची, तर त्याची गरज आधी मोजली पाहिजे. मापकाचा आकडा मोठा दिसावा म्हणून दिवसरात्र पंखे चालवणे म्हणजे जेवून उठलेल्या पाहुण्यांपुढे पुरणपोळ्या वाढत राहणे होय.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. बी. ओ. डी. कमी असलेले पाणी पिण्यास योग्य असते असे नाही. रोगजंतू या चाचणीत दिसत नाहीत. एक मिलिग्रॅम अमोनिया-नत्राचे नायट्रेट होताना सुमारे ४.६ मिलिग्रॅम प्राणवायू लागतो, त्यामुळे तो हिशेब वेगळा न केल्यास सेंद्रिय घाण आहे त्यापेक्षा अधिक वाटते. यासाठी ॲलिलथायोयुरिया घालून त्या जीवाणूंना थोपवतात आणि दोन्ही बाटल्यांतील फरक पाहतात.

कांडी महाग असते, हे खरे. परंतु दुग्धालयात दुधाची प्रत पाहण्यासाठी मिथिलीन ब्लू वापरतात, ते आपल्याकडे आहे. नाल्याच्या पाण्याने बाटली काठोकाठ भरून त्यात या निळ्या रंगाचे काही थेंब घालावेत, बूच लावून अंधारात ठेवावे. प्राणवायू संपला की रंग उडतो. काही तासांत उडाला तर पाणी फार घाण. कित्येक दिवस टिकला तर बरे. ज्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी विषय हवा असेल, त्यांनी हातमोजे घालून आपल्या गावाच्या नाल्यावर तीन ठिकाणी, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, ही नोंद करावी. बाटल्या, रंग आणि विंक्लरची रसायने मी देईन. वही त्यांनी आणावी.