शनिवारी न फिरणारा घाणा

मैत्रिणींनो, तेलाचा घाणा म्हटलं की आपल्या वरवट बकालकडच्या जुन्या बायांना जवस, करडी, तीळ आठवतात. कोकणात अलिबाग, पेण, रोहा या भागात तेल्यांची एक वेगळीच जमात होती. लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद! हे बेने इस्रायल, म्हणजे आपले मराठी ज्यू. घरात मराठी आणि आडनावं दिवेकर, पेणकर, रोहेकर, केहिमकर.

त्यांचे पूर्वज नवगावजवळ गलबत फुटून किनाऱ्याला लागले, सात पुरुष आणि सात बाया तेवढे वाचले, असं ते सांगतात. पुढे कित्येक पिढ्या ना धर्मगुरू, ना धर्मग्रंथ. मुंबईत सामाजी हसाजी दिवेकरांनी त्यांचं पहिलं प्रार्थनामंदिर बांधलं ते १७९६ साली. त्याआधीच्या कित्येक पिढ्यांत शनिवार पाळला की मोडला, हे विचारणारं बाहेरचं कोणीच नव्हतं. तरी शुक्रवारी सूर्य मावळला की काम थांबायचं.

मला आवडते ती मासळीची गोष्ट. कोचीनकडून आलेल्या डेव्हिड रहाबींना प्रश्न पडला, हे लोक खरंच ज्यू का? म्हणे त्यांनी तिथल्या बायांपुढे सगळ्या तऱ्हेची मासळी ठेवली आणि रांधायला सांगितलं. बायांनी खवले आणि पर असलेले मासे तेवढे घेतले, बाकीचे बाजूला सारले. ज्यूंचा नियम नेमका तोच. ग्रंथ नव्हता, पण चुलीपाशी नियम शाबूत होता. (आणि परीक्षा बायांचीच घेतली, हे लक्षात आलं ना?)

कोणी बघत नसताना माणूस कसा वागतो, यावर ज्यूंच्या धर्मशास्त्रात फार बारीक विचार आहे. सुमारे अठराशे वर्षांपूर्वीच्या 'मिश्ना' ग्रंथात तेल विकणाऱ्यासाठी नियम आहे: माप ओतून झालं की वर आणखी तीन थेंब गळू द्यावेत. किरकोळ दुकानदाराला मात्र यातून सूट! पुढचा 'तालमुद' तर म्हणतो, खोटं माप घरात ठेवूच नये, अगदी रात्री लघवीचं भांडं म्हणूनही नाही. का? तर दिवेलागणीच्या घाईत हाताला नेमकं तेच लागायचं. किती घरगुती कारण! आणि घ्यायचं नसताना दुकानदाराला भाव विचारू नये, असंही मिश्नात आहे. आता हसू नका. पन्नास साड्या उलगडायला लावून 'पुन्हा येतो' म्हणत उठणाऱ्या आपण! तुमच्या मनात घ्यायचं होतं की नव्हतं, ते तुम्हालाच ठाऊक. म्हणून तिथे देवाचं भय धरायचं.

मनातल्या वाईट ओढीला ते 'येत्झर हारा' म्हणतात. आपण काम-क्रोधाला रिपू म्हणतो, शत्रू. त्यांचे जुने पंडित मात्र म्हणतात, ही ओढ नसती तर कोणी घर बांधलं नसतं, लग्न केलं नसतं, धंदाही केला नसता. म्हणजे ती मारायची नाही, जुंपायची. मला तर तो घाण्याचा बैलच वाटतो. सातव्या दिवशी त्यालाही सुटी, कारण शनिवारची विश्रांती जनावरांनाही सांगितली आहे.

१९४८ नंतर बहुतेक बेने इस्रायल इस्रायलला गेले. तिथेही त्यांनी 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक काढलं. अलिबागला इस्रायल आळी आजही आहे.

हे सगळं मी आमच्या बचत गटात सांगितलं, त्यालाही कारण होतं. मिरची महागली होती. तिखटाच्या दोनशे ग्रॅमच्या पाकिटात एकशे नव्वद भरू, घरी कोण काट्यावर टाकून पाहतं, असं एकीचं म्हणणं. तिचंही खोटं नव्हतं. तिच्या घरी कर्जाचा हप्ता होता आणि शेजारच्या दुकानातलं तिखट स्वस्त. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग आमच्यातली सगळ्यात म्हातारी म्हणाली, "पाच रुपये वाढवा वं बाई, तोंडावर सांगून वाढवा. पण वजन मारू नका."

पाच रुपये वाढवले. पहिल्याच बाजारात अकरा पाकिटं उरली. हप्तावालीने ती पिशवीत भरली आणि पुढचा बाजार कुठल्या गावचा, ते विचारलं.