पासबुकातली इंग्रजी

देवगड तालुक्यातल्या आंबा बागायतदाराला वाशीच्या दलालाची पट्टी वाचायला कुणी शिकवलेलं नसतं. किती पेट्या गेल्या, कुठल्या भावाने गेल्या, हमाली किती लावली, गाडीभाडं किती, मोसमाच्या आधी घेतलेली उचल किती वळती केली. एक आकडा इकडचा तिकडे झाला तर त्याच रात्री वाशीला फोन जातो. त्याच घरात बँकेच्या कर्जाचं स्टेटमेंट आलं तसं घडी घालून कपाटात जातं. ‘ता इंग्रजीत आसा’ एवढंच कारण सांगितलं जातं.

मला हे कारण पटत नाही. कुणकेश्वर काय, मिठमुंबरी काय, या किनाऱ्याला पैशाची इंग्रजी काही आज भेटलेली नाही. टपाल खात्याने १८८० साली मनिऑर्डर सुरू केली आणि जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातली (सिंधुदुर्ग वेगळा झाला १ मे १९८१ला) कितीतरी घरं गिरणगावातून येणाऱ्या पैशावर उभी राहिली. ज्या आजीला सही येत नव्हती तिलाही मनिऑर्डर, कूपन, पावतीवरचा अंगठा हे सगळं नीट कळत होतं, कारण शब्दाबरोबर पोस्टमन दारात यायचा, तिच्यादेखत नोटा मोजायचा आणि कूपनावरचा चाकरमान्याचा मजकूर वाचूनही दाखवायचा. आताचे शब्द असे माणसाबरोबर येत नाहीत. ते एसएमएसमधून येतात नाहीतर पासबुकाच्या ओळीत छापून येतात. व्यवहार होऊन गेल्यावर.

म्हणून हे शब्द शिकायचे तर पुस्तक नको, आपलंच पासबुक घ्यावं. ‘डीआर’ म्हणजे गेले, ‘सीआर’ म्हणजे आले, ‘आयएनटी’ म्हणजे व्याज, ‘सीएचजी’ म्हणजे बँकेने कापलेला आकार. एवढ्यावर निम्मं पान वाचून होतं. मग मे महिन्याच्या अखेरीच्या ओळी बघाव्यात. बऱ्याच खात्यांत तिथे ४३६ रुपये आणि २० रुपये अशा दोन रकमा गेलेल्या दिसतात आणि शेजारी पीएमजेजेबीवाय, पीएमएसबीवाय अशी न उच्चारता येणारी अक्षरं असतात. घरात त्याची नोंद ‘बँकेन पैशे कापल्यानी, कित्याक ता म्हायत नाय’ अशीच होते.

ते कापलेले पैसे विम्याचे असतात. दोन्ही योजना २०१५ सालच्या. ४३६ रुपयांची जीवनज्योती योजना कोणत्याही कारणाने मृत्यू आला तर वारसांना २ लाख देते. तिच्यात १८ ते ५० वयात शिरता येतं आणि संरक्षण ५५पर्यंत चालतं. २० रुपयांची सुरक्षा योजना अपघाताची आहे, ७० वयापर्यंत. अपघाती मृत्यूला २ लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वाला १ लाख. दोन्हींचं वर्ष १ जून ते ३१ मे. खात्यात त्या वेळी शिल्लक नसेल तर हप्ता जात नाही आणि विमाही राहत नाही. ज्या घरातली माणसं होडी घेऊन समुद्रावर जातात, झाडावर चढून आंबे उतरवतात, त्या घरात ही २० रुपयांची ओळ वाचता येणं ही चैन नाही. विमा उतरवलाय हेच ठाऊक नसेल तर दावा कोण करणार? माणूस गेल्यावर पासबुकाची मागची पाच-सहा पानं उलटून पाहावीत, हे मी भेटेल त्याला सांगतो. जरा अभद्र वाटतं, पण सांगतो.

पासबुकाच्या पहिल्या पानावर आणखी दोन गोष्टी असतात. एक ‘ई ऑर एस’, म्हणजे ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’. आईचं खातं गावात आणि मुलगा डोंबिवलीला, अशा जोडखात्यात ही अक्षरं असली की दोघांपैकी कुणीही व्यवहार करू शकतो आणि एक गेल्यावर मागे राहिलेल्याला पैसे मिळतात. ‘जॉइंटली’ असं असेल तर दर वेळी दोघांच्या सह्या लागतात. चतुर्थीला मुलगा येईपर्यंत थांबा. दुसरी गोष्ट नॉमिनी. या शब्दावरून भावाभावांत जेवढे वाद झालेत तेवढे बांधावरूनही झाले नसतील. बँकेच्या ठेवीचा नॉमिनी पैसे ताब्यात घेतो, पण मालक होतो असं नाही. वारसांचा हक्क शाबूत राहतो. १ नोव्हेंबर २०२५पासून खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात.

कर्जाच्या कागदावर मात्र शब्द चुकला की खिशाला चटका बसतो. दुकानदार किंवा एजंट ‘बारा टक्के फ्लॅट’ म्हणतो तेव्हा कान टवकारावेत. १ लाख रुपये दोन वर्षांसाठी १२ टक्के फ्लॅटने घेतले तर मुद्दल फिटत गेली तरी व्याज पूर्ण लाखावरच धरतात. ते होतं २४,००० आणि हप्ता सुमारे ५,१६७. तेच १२ टक्के ‘रिड्यूसिंग’ने, म्हणजे उरलेल्या मुद्दलावर, घेतले तर हप्ता सुमारे ४,७०७ आणि व्याज १३ हजारांच्या आत. दोन्हीकडे तोंडी सांगितलं जातं ‘बारा टक्के’. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४पासून वैयक्तिक कर्जांना ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ बंधनकारक केलं आहे. त्यात फी, विमा, व्याज सगळं मिळून खरा वार्षिक दर, म्हणजे एपीआर, लिहावाच लागतो. आणि हा कागद कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत द्यायचा असतो. तेव्हा काउंटरवर सरळ म्हणावं, केएफएस मराठीत द्या. पुष्कळांना हा हक्क माहीतच नाही.

बागायतदारांत सध्या सगळ्यात जास्त चर्चेत असलेला शब्द म्हणजे ‘ट्रिगर’. फळपीक विम्याचे पैसे तुमच्या कलमाचा मोहोर गळला म्हणून मिळत नाहीत. महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीत पाऊस किंवा तापमान ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलं तर मिळतात. बागेत नुकसान आणि नोंद कोरडी, असं झालं की चिडचिड होते. पण भांडायचं तर कलमाचे फोटो दाखवून उपयोग नाही, केंद्राची नोंद मागावी लागते.

ठेवीबद्दल एकच. ‘डिपॉझिट इन्शुरन्स’ची ५ लाखांची हमी बँकेतल्या ठेवीला आहे, सहकारी बँकाही त्यात येतात. पतसंस्थेच्या ठेवीला ती नाही. पाटीवर ‘क्रेडिट सोसायटी’ लिहिलेलं असतं, ते बघून मग पाव टक्का जास्त व्याजाचा विचार करावा.

कुणकेश्वरात घरगुती मुक्कामाची सोय करणाऱ्यांना एक फोन हमखास येतो: ‘खोल्या बुक करतो, अ‍ॅडव्हान्स पाठवलाय, क्यूआर स्कॅन करून पिन टाका.’ पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, द्यायलाच लागतो. टाकलाच तर लगेच सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० नंबर लावा.

रिझर्व्ह बँक दर फेब्रुवारीत वित्तीय साक्षरता सप्ताह पाळते. २०२५ साली तो २४ ते २८ फेब्रुवारीला होता आणि महाशिवरात्र आली होती २६ला, म्हणजे ऐन सप्ताहात कुणकेश्वराची जत्रा. खाजं आणि मालवणी भजी घ्यायला अख्खा तालुका पुळणीवर लोटतो, मुंबईचे चाकरमानीही येतात. त्या गर्दीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि ‘पासबुक आणा, वाचून देतो’ अशी पाटी लावायला कुठल्या परिपत्रकाची गरज आहे, असं मला वाटत नाही. बारावीची पोरंही ते काम करतील. पुढच्या जत्रेला तालुक्यातल्या एखाद्या शाखेने एवढं मनावर घ्यावं.