शेंद्र्यात ऑडी, पसंती मर्सिडीजला

ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादमधील (आजचे छत्रपती संभाजीनगर) उद्योजक व व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकाच वेळी १५० मर्सिडीज-बेंझ मोटारी खरेदी केल्या. एकूण किंमत होती सुमारे ६५ कोटी रुपये. या सौद्याची दखल देशाबाहेरही घेतली गेली. शहरालगतच्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीत तेव्हा ऑडीच्या मोटारींची जुळणी होत होती. अंगणातली ऑडी सोडून मर्सिडीजची निवड व्हावी, हे नवलच. मुळात या प्रतिस्पर्धी जर्मन कंपन्यांत फरक तरी कोणता?

तीन घराणी, तीन स्वभाव

कार्ल बेंझ यांनी १८८६ मध्ये मोटारीचे पेटंट घेतले. १९२६ मध्ये डाइमलर आणि बेंझ या कंपन्या एकत्र आल्या. स्टुटगार्टच्या या घराण्याची ओळख म्हणजे आरामदायी, भारदस्त प्रवास. म्युनिकची बीएमडब्ल्यू मुळात विमानांची इंजिने बनवणारी. मोटारींकडे ती १९२८ मध्ये वळली. चालवण्यातला आनंद आणि दोन्ही आसांवर वजनाचा समतोल यांवर तिचा भर राहिला. ऑडीची चार कडी १९३२ मध्ये एकत्र आलेल्या चार कंपन्यांची खूण होय. १९६० च्या दशकात ती फोक्सवॅगनच्या छत्राखाली आली.

तांत्रिक भेदही होता. मर्सिडीज आणि बीएमडब्ल्यू परंपरेने इंजिनाची शक्ती मागील चाकांना देतात. पुढच्या चाकांकडे केवळ वळण्याचे काम उरल्याने गाडी सुबक वळते. ऑडीने पुढील चाकांना शक्ती दिली आणि १९८० मध्ये चारही चाकांना शक्ती देणारी 'क्वाट्रो' यंत्रणा आणली. निसरड्या रस्त्यावर तिची पकड अधिक. मात्र तिन्ही कंपन्यांच्या अनेक लहान मॉडेलांत आता पुढील चाकांनाच शक्ती मिळते. तेथे जुना भेद जवळजवळ पुसला गेला आहे.

जुळणीचे गणित

या काळात पूर्ण तयार महागड्या मोटारीवर आयात शुल्काचा बोजा मोठा, तर सुटे भाग आणून येथे जोडल्यास तो बराच कमी होता. म्हणून तिघांनीही भारतात जुळणी सुरू केली. मर्सिडीज १९९५ पासून पुण्यात आहे. २००९ पासून तिचा स्वतःचा कारखाना चाकणला आहे. बीएमडब्ल्यूने मार्च २००७ मध्ये चेन्नईजवळ जुळणी सुरू केली. ऑडीने त्याच वर्षी शेंद्र्यातील स्कोडाच्या कारखान्यात आपले बस्तान बसवले.

आघाडी मात्र फिरती राहिली. २००९ मध्ये बीएमडब्ल्यूने मर्सिडीजला मागे टाकले. २०१३ मध्ये ऑडीने १०,००२ मोटारी विकून पहिला क्रमांक पटकावला. २०१५ मध्ये मर्सिडीज पुन्हा अव्वल ठरली. २०२४ मध्ये मर्सिडीजच्या १९,५६५, बीएमडब्ल्यू समूहाच्या (मिनीसह) १५,७२१, तर ऑडीच्या ५,८१६ मोटारी विकल्या गेल्या.

ग्राहकाने काय पाहावे?

औरंगाबादच्या सौद्यात इंजिनापेक्षा व्यवहार मोलाचा ठरला. दीडशे ग्राहकांची एकत्रित मागणी असल्याने किमतीवर घासाघीस करता आली आणि भारतीय स्टेट बँकेने सुमारे ७ टक्के व्याजाने कर्ज दिले. कारखाना जवळ असला म्हणून ग्राहकाला गाडी स्वस्त मिळत नाही. शोरूमची किंमत आणि दुरुस्तीचे दर त्यावर ठरत नाहीत.

एकट्या ग्राहकाला ही ताकद नसते. त्याने आधी आपल्या जिल्ह्यापासून अधिकृत सेवा केंद्र किती दूर आहे, हे पाहावे. हमीची मुदत संपल्यानंतरचा वार्षिक खर्च लेखी मागावा. गाडीत जादा चाक आहे का, हेही विचारावे. बीएमडब्ल्यूच्या अनेक मॉडेलांत हवा गेल्यावरही काही अंतर धावणारे टायर असतात, पण ते महाग असून लहान गावात सहसा मिळत नाहीत. चार-पाच वर्षांनी गाडी विकताना काय किंमत येते, याचीही बाजारात चौकशी करावी. बोधचिन्हाची प्रतिष्ठा खरेदीच्या दिवशी मिळते. हप्ते आणि दुरुस्तीची बिले मात्र पुढे अनेक वर्षे येत राहतात.