सापाच्या विषाने उलगडलेली साखळी

स्ट्रासबुर्गमध्ये पॉल मांडेल यांच्या प्रयोगशाळेत पिएर शांबाँ कोंबडीच्या यकृतातली पेशीकेंद्रकं वेगळी काढून त्यांत आरएनए कसा तयार होतो, ते पाहत होते. किरणोत्सारी एटीपी घालायचं, आम्लात न विरघळणारा साका गाळून घ्यायचा आणि त्यात किरणोत्सार किती उतरला ते मोजायचं. एरवी जेमतेम भरणारा आकडा निकोटिनामाइड मोनोन्यूक्लिओटाइड घालताच शेकडो पटींनी उसळला. कुठला तरी लांबलचक रेणू भराभर तयार होत होता आणि त्यासाठी डीएनए असावाच लागत होता. तो पॉलिअ‍ॅडेनिलिक आम्ल असणार, असं धरून १९६३ साली निबंध छापूनही आला.

प्रयोग अस्सल होता, नाव तेवढं चुकलं होतं. ते सापाच्या विषाने उघडं पाडलं. विषातलं फॉस्फोडायएस्टरेज असा रेणू सांध्यासांध्यावर तोडतं. पॉलिअ‍ॅडेनिलिक आम्ल असतं तर साधं एएमपी सुटं झालं असतं. हाती आला तो थोराड तुकडा, दोन रायबोज आणि दोन फॉस्फेटवाला. म्हणजे एटीपी आणि वरून घातलेलं निकोटिनामाइड मोनोन्यूक्लिओटाइड मिळून आधी एनएडी तयार होत होतं. मग केंद्रकातलं एक विकर त्यातलं निकोटिनामाइड टाकून देऊन उरलेला एडीपी-रायबोज एकापुढे एक जोडत होतं. क्योटोत ओसामू हायाइशी आणि टोकियोत ताकाशी सुगिमुरा यांचे गटही त्याच सुमारास या निष्कर्षाला पोचले. ही साखळी प्रथिनांवर चढते, हेही कळलं. कशासाठी, ते मात्र कोणालाच सांगता येईना.

१९८० साली ससेक्स विद्यापीठात सिडनी शॉल यांच्या गटाने उंदराच्या रक्तकर्करोगाच्या पेशींचा डीएनए रसायनाने तोडला आणि साखळी घालणारं विकर अडवून धरलं. तुटलेलं सांधेना, पेशी मरू लागल्या.

साखळीचं हे काम भिलाईकराला पटकन कळेल. आमच्या कारखान्यातले रूळ देशभर जातात. रुळाला तडा दिसला की ट्रॅकमन आधी लाल झेंडी रोवतो, दुरुस्तीची टोळी मागाहून येते. तसंच साखळी घालणारं हे विकर, म्हणजे पार्प-१, तुटक्या डीएनएवर बसतं, स्वतःवर आणि शेजारच्या हिस्टोनांवर ही साखळी चढवतं आणि तिच्या ओढीने एक्सआरसीसी-१सारखी दुरुस्तीवाली प्रथिनं गोळा होतात. लगोलग दुसरं विकर साखळी उतरवून टाकतं.

हा सगळा खटाटोप एनएडी खर्चून होतो, आणि एनएडीला नायसिन लागतं. १९६०च्या आसपास सी. गोपालन हैदराबादेत ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांमधल्या पेलाग्राचा माग काढत होते. नायसिनच्या अभावी होणाऱ्या या रोगात उन्हात उघडी राहिलेली कातडी काळवंडून सोलते. ज्वारीतल्या ल्यूसीनमुळे नायसिनचा हिशेब बिघडतो, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यावर पुढे वाद झाले. पण उन्हाने डीएनए दुखावतो आणि नायसिनविना ही साखळी तुटपुंजी पडते, हे दोन्ही लक्षात घेतलं तर त्या काळवंडलेल्या कातडीशी तिचा काही संबंध असावा, असं मला तरी वाटतं.

२००५ साली लंडन आणि शेफील्डच्या गटांनी 'नेचर'च्या एकाच अंकात दाखवलं, की बीआरसीए जनुक बिघडलेल्या पेशींत पार्प अडवलं तर त्या तग धरत नाहीत. त्यांची दुरुस्तीची दुसरी वाट आधीच बंद असते. त्यातूनच ओलापरिब हे पार्प अडवणारं औषध पुढे आलं. डिसेंबर २०१४ मध्ये अंडाशयाच्या कर्करोगासाठी त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली.

कथा इथेच संपली असती तर पार्पची ओळख अर्धवट राहिली असती. २०१७ साली कीथ कॉल्डेकॉट यांच्या ससेक्समधल्या गटाने तोल जाणाऱ्या एका रुग्णात एक्सआरसीसी-१चं जनुक बिघडलेलं दाखवलं. दुरुस्ती रेंगाळते, पार्प-१ थांबायचं नाव घेत नाही, साखळ्यांचा अतिरेक होतो आणि लहान मेंदू झिजतो. असाच बिघाड असलेल्या उंदरांतून पार्प-१चं जनुक काढून टाकलं, तेव्हा मेंदूच्या पेशी बऱ्याच वाचल्या आणि तोल जाणंही कमी झालं. मग कर्करोगाचीच औषधं या रोग्यांना का देऊ नयेत? अडचण अशी, की ती औषधं पार्पला डीएनएवरच जखडून ठेवतात, आणि असं जखडलेलं पार्प निरोगी पेशीलाही जड जातं.