विश्लेषण : गर्भाशयात फायब्रॉइड; पिशवी काढणे हाच उपाय आहे का?

सोनोग्राफीच्या अहवालात ‘फायब्रॉइड’ हा शब्द दिसला की घरात आधी कर्करोगाची भीती दाटते. ‘पिशवी काढून टाका, कटकट मिटेल’ असा सल्लाही लगोलग मिळतो. प्रत्यक्षात या गाठी क्वचितच कर्करोगाच्या असतात आणि अनेकींना उपचारांची गरजही पडत नाही. मग निर्णय कसा घ्यायचा?

फायब्रॉइड म्हणजे काय?

गर्भाशयाच्या भिंतीतील स्नायूंपासून तयार होणारी ही साधी गाठ. ती वाटाण्याएवढी असू शकते किंवा नारळाएवढीही. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांवर ती पोसते. त्यामुळे रजोनिवृत्तीनंतर ती सहसा आक्रसते.

त्रास कशावर ठरतो?

आकाराइतकीच गाठीची जागा महत्त्वाची. आतल्या अस्तराखालची छोटी गाठही पाळीत अतिरक्तस्राव घडवू शकते, गर्भधारणेत अडथळा आणू शकते. बाहेरच्या बाजूची गाठ मूत्राशयावर दाबली गेली तर वारंवार लघवी होते. तास-दोन तासांत पॅड बदलावे लागणे, मोठ्या गुठळ्या पडणे, जिना चढताना धाप लागणे ही दुर्लक्ष करण्याजोगी लक्षणे नव्हेत. हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेले तर तो रक्तक्षय. तो आधी भरून काढावा लागतो.

पर्याय कोणते?

त्रास नसेल तर ठरावीक काळाने तपासणी पुरते. रक्तस्राव जास्त असेल तर ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या किंवा गर्भाशयात बसवायचे हार्मोनयुक्त साधन उपयोगी पडते. मात्र त्याने गाठ नाहीशी होत नाही. संप्रेरके दाबणाऱ्या इंजेक्शनने गाठ तात्पुरती लहान होते, औषध थांबले की पुन्हा वाढू शकते. गाठीचा रक्तपुरवठा बंद करणारी ‘एम्बोलायझेशन’ ही प्रक्रिया मोठ्या छेदाविना होते. मूल हवे असल्यास ‘मायोमेक्टमी’ म्हणजे फक्त गाठ काढण्याची शस्त्रक्रिया केली जाते. पण नव्या गाठी होण्याची शक्यता राहते.

गर्भाशय कधी काढावे?

इतर उपाय थकले, त्रास तीव्र असला आणि मूल नको असेल तर हा निर्णय योग्य ठरू शकतो. त्यानंतर पाळी आणि फायब्रॉइड दोन्ही कायमचे थांबतात. मात्र सोबत बीजकोशही काढले तर अकाली रजोनिवृत्ती येऊन हाडे ठिसूळ होण्याचा धोका वाढतो.

सावधगिरी का?

बीड जिल्ह्याचे उदाहरण समोर आहे. राज्य सरकारने २०१९ मध्ये नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढल्याचे आढळले. पाळीमुळे खाडा झाला की मजुरी बुडते, उचल फिटत नाही. त्यात कर्करोगाची भीती दाखवली की बाई शस्त्रक्रियेला तयार होते. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये अनावश्यक शस्त्रक्रिया रोखणारी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे लागू करण्याचे आदेश राज्यांना दिले. चाळिशीच्या आतील महिलेसाठी दोन डॉक्टरांचा दाखला त्यात अपेक्षित आहे.

डॉक्टरांना काय विचारावे?

गाठ नेमकी कुठे आहे? माझा त्रास तिच्यामुळेच आहे का? सहा महिने थांबले तर काय होईल? बीजकोश ठेवणार का? उत्तरे पटली नाहीत तर दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांचे मत घ्यावे. बहुतेक वेळा फायब्रॉइड तेवढी सवड देते.