छोटी लाइन जाड का झाली?

नागपूरची इतवारी म्हटली की सराफा, किराणा आणि कापड यांचा घाऊक बाजार डोळ्यांपुढे उभा राहतो. जुन्या प्रवाशांना मात्र आणखी एक गोष्ट आठवते. ती म्हणजे इतवारी स्टेशनातून उमरेडवरून नागभीडला जाणारी छोटी लाइन. तिच्या दोन रुळांमधले अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. मोठ्या लाइनचे १६७६ मिलिमीटर. रुंदीकरणासाठी ही छोटी लाइन २०१९ मध्ये बंद करण्यात आली. आता शाळेतल्या मुलांना ती नकाशावरच दाखवायची, आणि आजचा आपला विषय नेमका त्या नकाशावरच्या रेघेचा आहे.

असे समजा की एका गुरुजींनी संगणकावर २० सेंटिमीटर रुंदीचा नकाशा तयार केला. मोठी लाइन १ मिलिमीटर जाडीच्या रेघेने दाखविली, छोटी लाइन ०.४ मिलिमीटरच्या. गावांची नावे, नद्या, चौकट, सगळे एकत्र बांधले, ज्याला संगणकवाले ‘ग्रूप करणे’ म्हणतात. मग इतवारीतल्या एका फ्लेक्स छापणाऱ्याकडे जाऊन ते म्हणाले, “भाऊ, हा चौपट करून द्या, भिंतीवर लावायचा आहे.” नकाशा ८० सेंटिमीटरचा होऊन आला. भिंतीवर टांगून पाहतात तो काय! मोठी लाइन १ मिलिमीटरचीच राहिलेली, अन् छोटी लाइन १.६ मिलिमीटरची झालेली. धाकटीने थोरलीला मागे टाकले! मुलांनी पुस्तकात वाचायचे एक अन् भिंतीवर पाहायचे भलतेच. शिवाय वर्गणीचे पैसे गेले ते गेलेच.

हे झाले कसे? छापणाऱ्याने काही खोडी केली नाही. यंत्र बिघडले असेही नाही.

फोटो हा बारीक बारीक ठिपक्यांचा असतो. पण कोरलड्रॉ, इंकस्केप, इलस्ट्रेटर अशा प्रणालींत जे रेखाचित्र काढतात, त्यात ठिपके साठविलेले नसतात. प्रत्येक रेघेबद्दल संगणकाने दोन गोष्टी ध्यानात ठेवलेल्या असतात : रेघ कुठून कुठे जाते हा तिचा मार्ग, आणि तिची जाडी किती हा एक आकडा. वावरातले उदाहरण घ्या. “या खुंटीपासून त्या खुंटीपर्यंत दोरी धरा, आणि दोन हात रुंदीचा धुरा ठेवा,” असे आपण गड्याला सांगतो. उद्या वावर दुप्पट झाले तर खुंट्या लांब जातील, दोरी वाढेल. पण धुरा? तो दोन हातच ठेवायचा की चार हात करायचा, हे कोणीतरी सांगितले पाहिजे. संगणकालाही तसेच सांगावे लागते.

बरे, सगळे ग्रूप केले होते, मग एकाच ग्रूपातल्या दोन रेघा दोन तऱ्हेने का वागल्या? तर मोळी बांधली म्हणून आतल्या काड्या एकजात होत नाहीत. ग्रूप केल्याने वस्तू एकत्र हलतात आणि त्यांच्यामधली अंतरे त्याच प्रमाणात वाढतात, इतकेच. जाडीचा हुकूम कुठे लिहून ठेवायचा, याबद्दल मात्र या प्रणालींची रीत वेगवेगळी आहे. कोरलड्रॉत तो प्रत्येक वस्तूजवळ लिहिलेला असतो. रेघ निवडून एफ-१२ दाबले की आऊटलाईन पेनची चौकट उघडते, तिच्यात ‘स्केल विथ ऑब्जेक्ट’ असे एक घर असते. त्यात खूण असेल तर वस्तूबरोबर रेघही जाड-बारीक होते, नसेल तर जाडी होती तेवढीच राहते. गुरुजींच्या नकाशात छोट्या लाइनला ही खूण होती आणि मोठ्या लाइनला नव्हती. एक रेघ स्वतः काढलेली, दुसरी कुणाच्या तरी जुन्या फाइलीतून आणलेली असली, की असा घोळ हमखास होतो.

इंकस्केपमध्ये हा हुकूम वस्तूजवळ नसून हत्याराजवळ असतो. निवडीचे हत्यार घेतले की वरच्या पट्टीत चार लहान बटणे दिसतात. त्यांपैकी पहिले रेघेच्या जाडीचे. ते दाबलेले असताना जे जे लहानमोठे कराल त्याची जाडी त्या प्रमाणात बदलेल, आणि बटण आपण पुन्हा बदलेपर्यंत तसेच राहील. इलस्ट्रेटरमध्येही अशीच एक खूण असते. इंकस्केप फुकट मिळते, म्हणून शाळांनी ते अवश्य वापरून पाहावे.

आता जाडी वाढू द्यावी की नाही? याचे उत्तर मला वाटते चित्र कशाचे आहे यावर आहे. नकाशातली रेघ ही नुसती खूण असते. आपला नकाशा दहा लाखांस एक या प्रमाणाचा धरला, तर मोठ्या लाइनची खरी रुंदी कागदावर ०.००१७ मिलिमीटरही भरणार नाही. म्हणजे तिथे मोजमाप नाहीच, फक्त ‘ही जाड, ती बारीक’ एवढा संकेत आहे. तेव्हा दोन्ही रेघा वाढवा किंवा दोन्ही तशाच ठेवा, पण वागणूक सारखी हवी.

तान्ह्या पोळ्याच्या नंदीचे चित्र घ्या. तिथे रेघ हे चित्राचे अंगच असते. १० सेंटिमीटर उंचीचा नंदी १ मिलिमीटरच्या रेघेने काढला आणि फलकासाठी २ मीटर केला, तर वीसपट झाला. रेघ २० मिलिमीटरची व्हायला हवी. ती १ मिलिमीटरच राहिली, तर रस्त्यावरून कोऱ्या कापडाशिवाय काही दिसणार नाही. उलट तोच नंदी मुलांच्या बिल्ल्यासाठी अडीच सेंटिमीटरचा केला आणि रेघ १ मिलिमीटर राहिली, तर डोळा शाईने बुजून जाईल. इथे जाडी प्रमाणातच बदलली पाहिजे. फार लहान करताना मात्र जपावे. दहावा भाग मिलिमीटरच्या खाली रेघ गेली की छापताना तुटू लागते. खिळ्यांच्या छपाईच्या काळी प्रत्येक आकाराचे खिळे वेगळे कोरीत, आणि लहान अक्षरांच्या रेघा त्या मानाने थोड्या जाड ठेवीत, ते याच अडचणीपायी.

अक्षरांची आणखी एक गंमत आहे. संगणकातले अक्षर हे रेघेचे नसते, तो आतून रंग भरलेला आकार असतो. म्हणून ते नेहमी प्रमाणातच वाढते, खुणेची वाट पाहत नाही. फलकावर अक्षरे धष्टपुष्ट आणि भोवतीची किनार केसासारखी, असे दिसते ते त्यामुळे. पण तेच अक्षर नुसते आडवे ताणले, तर काना फुगतो आणि शिरोरेषा होती तेवढीच राहते. जागा भरण्यासाठी अक्षरे अशी ताणू नयेत. ती डोळ्यांना खुपतात.

छापखान्यात फाइल देण्यापूर्वी एक उपाय करता येतो. मूळ फाइलीची प्रत काढावी, तिच्यात ग्रूप सोडवावा आणि रेघांचे भरीव आकार करून टाकावेत. कोरलड्रॉत त्यासाठी कंट्रोल-शिफ्ट-क्यू, इंकस्केपमध्ये कंट्रोल-आल्ट-सी. मग ती रेघ अक्षरासारखीच वागते, कोणत्याही दुकानात उघडली तरी प्रमाण सोडत नाही. मात्र तिची जाडी पुन्हा आकडा घालून बदलता येत नाही, म्हणून मूळ फाइल जपून ठेवावी. पडद्यावर चित्र जवळ आणून पाहिले की रेघ जाड दिसते, त्यावर जाऊ नका; ते भिंग लावून पाहण्यासारखे आहे. जाडीचा आकडाच पाहावा.

नकाशाच्या कोपऱ्यात ‘१ सेंटिमीटर = १० किलोमीटर’ असे लिहिलेले असते, तेही तपासा. नकाशा चौपट झाला की १ सेंटिमीटर अडीच किलोमीटरचा होतो, पण अक्षरे मोठी होऊनही मजकूर तोच राहतो. पन्नास किलोमीटरवरचे गाव मूळ कागदावर ५ सेंटिमीटरवर होते, ते भिंतीवर २० सेंटिमीटरवर गेले. पट्टी लावणारा मुलगा दोनशे किलोमीटर सांगेल आणि त्याचा गुणाकार बरोबर असेल. त्याऐवजी किलोमीटरची आखलेली पट्टी काढून ती नकाशाबरोबर ग्रूप करावी. नकाशा वाढेल तशी पट्टीही वाढते, आणि तिच्यावरून मोजलेले अंतर बरोबर येते.